आता मोठी माणसं आपणच
(१९८४ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘वैद्यकीय क्षेत्रातले अनुभव’ सांगायला उभं केलं आहे. जेवणाआधी बाळंतपणाच्या गोष्टी नकोत, अशी ताकीद मागच्या रांगेतून आधीच मिळाली. म्हणून एकाच गोष्टीवर बोलते. पोटुशी बाई लस घ्यायला ‘नाही’ म्हणते, तेव्हा तिच्या मनात काय असतं?

आधी आपापला दंड आठवा. आपल्यापैकी बहुतेकांच्या दंडावर देवीचा डाग आहे. आपल्या मुलांच्या दंडावर तो नाही. देशातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ सालचा, म्हणजे आपण बालवाडी-पहिलीत असतानाचा. आपल्या आयांना लशीचं शास्त्र कुणी समजावलं नव्हतं. देवीने चेहरे आणि डोळे गेलेली माणसं त्यांनी पाहिली होती, तेवढं पुरे होतं.

दुसरी लस धनुर्वाताची. पूर्वी बाळंतपण घरीच व्हायचं. नाळ विळ्यानं नाहीतर ब्लेडनं कापायची आणि बेंबीवर राख किंवा शेण लावायचं. मग पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात बाळाचं तोंड आवळायचं, दूध ओढणं थांबायचं, अंग धनुष्यासारखं ताठ व्हायचं. सटवाईनं कपाळी तेवढंच लिहिलं होतं, असं म्हणून घरची माणसं डोळे पुसायची. गरोदरपणात आईला सुई दिली, की तिच्या रक्तात तयार झालेलं संरक्षण वारेतून बाळापर्यंत पोचतं. एका टोचण्यात दोन जीव सांभाळले जातात. या सुया आणि दवाखान्यातली बाळंतपणं, दोन्हींमुळे २०१५ साली माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचं भारतातून निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकापेक्षाही कमी रुग्ण, हा त्याचा निकष आहे.

आज माझ्याकडे येणारी बाई धनुर्वाताची सुई म्हटली की न बोलता दंड पुढे करते. हीच बाई २०२१ मध्ये करोनाच्या लशीला नाही म्हणत होती. मग तिला अडाणी कसं म्हणायचं?

ते वर्ष आपल्या वऱ्हाडानं सगळ्यांच्या आधी भोगलं. मुंबई-पुण्याला दुसरी लाट कळायच्या आधी, २२ फेब्रुवारीला अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली होती. अकोल्यातही तीच गत. लसीकरण १६ जानेवारीला सुरू झालं होतं. पण गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या मातांना लस देऊ नये, अशी स्पष्ट सूचना होती. चाचण्यांमध्ये गर्भवतींना घेतलंच नव्हतं, म्हणून ही सावधगिरी. मे महिन्यात पाजणाऱ्या मातांना परवानगी मिळाली आणि २ जुलैला गर्भवतींना. मधले साडेपाच महिने त्यांच्यासाठी लसच नव्हती, आणि लाट नेमकी त्याच महिन्यांत येऊन गेली. आयसीएमआरनं जूनमध्ये आकडे दिले. गरोदर आणि बाळंतीण स्त्रियांमध्ये पहिल्या लाटेत लक्षणं असलेल्या १४.२ टक्के होत्या, दुसरीत २८.७ टक्के. मृत्यूचं प्रमाण ०.७ वरून ५.७ टक्क्यांवर गेलं होतं.

त्या टक्क्यांतली एक बाई मी पाहिली आहे. एप्रिलमध्ये आली तेव्हा सातवा महिना होता, ऑक्सिजन खाली येत होता. बाळ वाचलं. ती वाचली नाही. गाव सांगत नाही, नाव सांगत नाही.

ऑगस्टमध्ये त्याच घरातली तिची धाकटी जाऊ आली, पाचव्या महिन्यात. मला वाटलं, हिला काही सांगावंच लागणार नाही. लशीचं नाव काढलं, तर सासूनं हात जोडले. “एक गेली आमची. आता हिच्यावर परयोग नोका करू, मॅडम. मांगं त म्हनत होते पोटुश्या बायांनं घ्याची नाई, आता म्हनते घ्या. मंग खरं कोन्तं?”

मित्रांनो, या प्रश्नात अडाणीपणा कुठे आहे? जानेवारीत नको आणि जुलैत घ्या, हे आम्हीच म्हटलं होतं. त्यामागचं कारण कुणी तिला सांगितलं नव्हतं. शिवाय काही लशी गरोदरपणात खरोखरच देत नाहीत. गोवर-रुबेला, कांजिण्या यांच्या लशींत कमजोर केलेला पण जिवंत विषाणू असतो. म्हणजे शंका घेणं चुकीचं नव्हतंच.

मी दोघींना बसवलं आणि सांगितलं, कोव्हॅक्सिनमधला विषाणू मेलेला असतो, कोव्हिशील्डमधला शरीरात वाढू शकत नाही. परदेशात हजारो गर्भवतींना लस दिल्याच्या नोंदी आल्या आहेत. त्यातल्या बऱ्याच लशी आपल्यापेक्षा वेगळ्या आहेत, हेही सांगितलं. एक-दोन दिवस ताप येईल, दंड दुखेल, हे लपवलं नाही. सासूनं सगळं ऐकून विचारलं, “लेकराले काई झालं त तुमी येसान काय?” मी म्हटलं, येईन. मग ती म्हणाली, “आंधी मले द्या. चार दिवस पाह्यतो, मंग तिले.” तिनं स्वतःही तोवर लस घेतलेली नव्हती.

तसंच झालं. डिसेंबरात ती सून सुखरूप बाळंत झाली. सगळ्याच जणींनी ऐकलं असं नाही. काहींनी बाळंतपण होईपर्यंत थांबायचं ठरवलं, काही पुन्हा आल्याच नाहीत. पण ज्यांनी घेतली, त्यांनी बहुधा पोस्टर वाचून घेतली नाही. ओळखीच्या सिस्टरनं, गावातल्या आशाताईनं, घरातल्या मोठ्या बाईनं हो म्हटलं, म्हणून घेतली. मेळघाटात तर हे बोलणं कोरकूत झालं तरच ते कानावरून मनात उतरतं.

गाडगेबाबा आपल्याच मूर्तिजापूर तालुक्यात मामाकडे लहानाचे मोठे झाले. ते कीर्तनात उपदेशाआधी प्रश्न विचारायचे आणि समोरच्यांकडूनच उत्तर काढून घ्यायचे. आम्हा डॉक्टरांना ती रीत अजून नीट जमलेली नाही. आम्ही घाईत सांगतो आणि बाई मान हलवून घरी जाते.

हे सगळं मी तुम्हाला का सांगते आहे? कारण गरोदर बाईच्या वतीनं ‘नाही’ म्हणणारा माणूस बहुतेक वेळा ती स्वतः नसते. सासू असते, आई असते, सासरा असतो. जरा आजूबाजूला बघा. शाळेत असताना आपण ज्यांना ‘मोठी माणसं’ म्हणायचो, ती आता आपणच आहोत. कुणाच्या घरी सून आली आहे, कुणाची लेक बाळंतपणाला माहेरी यायची आहे. करोना मागे पडला, पण धनुर्वाताची सुई आहेच, फ्लूच्या लशीबद्दलही आता विचारणा होते. उद्या आणखी एखादी नवी लस येईल आणि आपल्या तुकडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिच्याविषयी काहीबाही फिरू लागेल.

तेव्हा एवढंच करा. मनात शंका आली, तर ती ग्रुपवर पुढे ढकलू नका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी असते. त्या दिवशी सुनेसोबत, लेकीसोबत स्वतः जा आणि डॉक्टरांना तोंडावर विचारा. उत्तर पटेपर्यंत उठू नका. डॉक्टर घाईत असला तरी उठू नका.

जेवण तयार आहे असं कळलं आहे.