सोडत, स्पर्धा आणि जुगार



किराणा दुकानात साबणाच्या वडीबरोबर बक्षिसाचे कूपन मिळते, नाक्यावरील टपरीत सरकारी लॉटरीचे तिकीट मिळते आणि आडोशाला मटक्याचा आकडा लावला जातो. तिन्ही ठिकाणी विकली जाते ती आशाच. कायदा मात्र तिघांना निरनिराळा न्याय लावतो. हा भेद कोणत्या तत्त्वावर उभा आहे, हे तपासणे अगत्याचे आहे.

लॉटरीचे घटक तीन : बक्षीस, दैवाधीन निवड आणि सहभागासाठी मोजलेले मोल. मोल वगळले की ती मोफत सोडत होते. दैवाऐवजी बुद्धी निर्णायक ठरली की ती स्पर्धा होते. परंतु कूपन खरोखरच मोफत असते काय? बक्षिसाची किंमत मालाच्या दरात मिसळून ती फुकट भासविणे, ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.

शब्दकोड्यांच्या स्पर्धांचे प्रकरण १९५७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आले. जुगार हा व्यापारच नव्हे, म्हणून त्याला व्यवसायस्वातंत्र्याचे संरक्षण नाही, असा निर्णय चमारबागवाला खटल्यात झाला. ज्या स्पर्धेत यश मुख्यत्वे कौशल्यावर अवलंबून असते, ती मात्र या निषेधातून वगळली गेली. १९६७ साली रमी हा प्राधान्याने कौशल्याचा खेळ ठरला. पुढे याच वाटेने पैसे लावून खेळण्याचे ऑनलाइन खेळ घराघरांत शिरले. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने, खेळ कौशल्याचा असो वा दैवाचा, पैसे लावून खेळविण्याचे हे ऑनलाइन खेळ निषिद्ध ठरविले.

आता सरकारी लॉटरीकडे वळू. तिच्यात मोल आहे, बक्षीस आहे आणि निव्वळ दैव आहे. तरीही खाजगी माणसाने लॉटरी काढली तर गुन्हा, राज्याने काढली तर महसूल! राज्यघटनेतही जुगार राज्यसूचीत आणि सरकारी लॉटरी संघसूचीत आहे. तथापि १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितले की, शासनाचा शिक्का बसल्याने लॉटरीचे जुगारी स्वरूप पालटत नाही.

याबाबत समाजवाद्यांनीही आत्मपरीक्षण करावयास हवे. १९६७ साली केरळात खाजगी लॉटऱ्या बंद करून सरकारी लॉटरी सुरू झाली, तेव्हा अर्थमंत्री पी. के. कुंजू हे संयुक्त समाजवादी पक्षाचे होते. गरिबांना तिकीटविक्रीचा रोजगार आणि राज्याला उत्पन्न, हा हेतू प्रामाणिक होता. महाराष्ट्राची लॉटरी १९६९ साली आली. लॉटरी हा स्वेच्छेने दिलेला कर आहे, असे तिचे समर्थन केले जाते. पण करात न्याय असतो तो देणाऱ्याच्या ऐपतीनुसार. तिकिटाची किंमत हमालाला आणि कारखानदाराला सारखीच असते. हमालाच्या मिळकतीतून मात्र तिचा घास मोठा जातो. शिवाय ज्याला मजुरीतून घर उभारण्याची आशा उरलेली नाही, त्याची स्वेच्छा कितपत स्वतंत्र असते?

यावर केवळ बंदीची घोषणा पुरेशी नाही. अचानक बंदी आली तर गिऱ्हाईक आकडेवाल्याकडे वळेल आणि तिकीटविक्रेता उपाशी राहील. म्हणून पहिली मागणी हिशेबाची असावी : विक्री किती, बक्षिसे किती, दलाली किती आणि लोककल्याणावर खर्च किती, हे प्रत्येक राज्याने दरवर्षी ठळकपणे प्रसिद्ध करावे. विक्रेत्यांना पर्यायी रोजगार देऊन या उत्पन्नाची जागा श्रीमंतांवरील प्रत्यक्ष करांनी क्रमाने भरून काढावी. कायद्याने जुगाराची व्याख्या कितीही बारकाईने केली, तरी पैसा कोणाच्या खिशातून जातो, हा प्रश्न कार्यकर्त्यांनाच विचारावा लागेल.