अभियंत्याचे शिक्षण आणि आपद्‌ग्रस्तांची सेवा



सुरतेच्या दक्षिणेस असलेले सचिन हे एके काळचे सिद्दी नवाबांचे संस्थान. आज हे गाव औद्योगिक वसाहतीमुळे प्रसिद्ध आहे. तेथे अनेक प्रांतांतून आलेले कामगार राबतात. खानदेशातूनही कितीतरी कुटुंबे पोटासाठी सुरतेस गेली आहेत.

६ जानेवारी २०२२ रोजी पहाटे सचिन येथे एका टँकरमधील रासायनिक द्रव नाल्यात सोडला जात असता विषारी वायू पसरला आणि लगतच्या गिरणीतील सहा कामगार प्राणास मुकले. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यास या घटनेतून पुष्कळ शिकता येईल. सल्फाइडयुक्त सांडपाण्यात आम्ल मिसळले की हायड्रोजन सल्फाइड निर्माण होतो, हे तो पुस्तकात वाचतो. परंतु हा वायू हवेपेक्षा जड असल्याने सखल जागी साचतो. त्याचे प्रमाण वाढले की त्याचा वासही जाणवेनासा होतो. संरक्षक साधनांवाचून मदतीस धावणाराही तेथेच कोसळतो, हे ज्ञान त्याने कामगारांच्या वस्तीपर्यंत, त्यांच्याच भाषेत, पोहोचविले पाहिजे. कोणता नाला कोठून वाहतो आणि त्याच्या काठी कोण झोपते, याचा नकाशा त्यास काढता आला पाहिजे.

खानदेशातून वाहत जाणाऱ्या तापीस ऑगस्ट २००६ मध्ये महापूर आला. उकाई धरणातून मोठा विसर्ग झाला व सुरतेचा बराच भाग पाण्याखाली गेला. अशा प्रसंगी निवारा-छावणीत माणशी दररोज किमान १५ लिटर पाणी आणि २० माणसांमागे एक शौचालय असावे, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. हा हिशेब विद्यार्थी सहज करील. तथापि शौचालय दूर, अंधारात बांधले तर स्त्रिया तिकडे फिरकत नाहीत. म्हणून आराखड्यापूर्वी त्यांना विचारणे, हाही अभियांत्रिकीचाच भाग होय.

१९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेने विद्यार्थ्यांस श्रमदानाची वाट दाखविली. त्यास आता व्यवसायज्ञानाची जोड हवी. अध्यापकांनी प्रत्यक्ष वस्तीतील पाहणीस गुण द्यावेत; अधिकाऱ्यांनी नाले, पूररेषा व साठवणुकीची माहिती उपलब्ध करून द्यावी; ग्रामस्थांनी आपला अनुभव मोकळेपणाने सांगावा. संकट आल्यावर शिकण्यास अवधी नसतो. ती तयारी आधीच व्हावयास हवी.