ऊन आणि साठ हजारांची पुडी

बडोद्याहून बोलते आहे आणि बसून बोलते आहे. उभी राहिले तर दहाव्या मिनिटाला माझे पाय संपावर जातात.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, म्हणजे एमएस. २०१४ च्या मे महिन्यात शाळेत शिकवताना फळ्याची उजवी बाजू धूसर दिसायला लागली. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून पंधरा दिवस काढले. एमआरआय झाल्यावर कळलं की माझीच प्रतिकारशक्ती मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिन नावाचं आवरण कुरतडते आहे. वायरीवरचं प्लॅस्टिक निघालं की काय होतं, ते तुम्हाला माहीत आहेच.

त्याच वेळी रक्तात ड जीवनसत्त्व निघालं ९. साधारण २० च्या खाली कमी धरतात. सासूबाई म्हणाल्या, "अगं, गुजरातेत राहून तुला उन्हाची कमतरता?" पण सकाळी सातला शाळेत, बाहेर पडताना ओढणीनं तोंड-हात गुंडाळलेले, आणि दुपारी घरात. बाल्कनीच्या बंद काचेमागे मी बसायची, ते ऊन कामाचं नव्हतं. त्वचेत ड तयार करणारे किरण काच अडवते. त्यात आपली सावळी त्वचा, तिला तेवढंच ड बनवायला जास्त वेळ लागतो.

आता एमएसचा आणि ड चा संबंध काय? विषुववृत्तापासून लांब जावं तसं एमएसचं प्रमाण वाढतं, हे फार पूर्वी लक्षात आलं होतं. २००६ साली अमेरिकन सैन्यातल्या लोकांच्या साठवून ठेवलेल्या रक्ताचा अभ्यास छापून आला. आजार व्हायच्या आधीच्या नमुन्यांत ज्या गोऱ्या सैनिकांचं ड सर्वांत जास्त होतं, त्यांना धोका बराच कमी दिसला. कृष्णवर्णीय सैनिकांत हा संबंध स्पष्ट दिसला नाही, आणि हे वाक्य मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही. पुढे २०१५ मध्ये जनुकांच्या अभ्यासातूनही, जन्मतः ड कमी राहण्याकडे कल असलेल्यांना धोका जास्त, असं दिसलं. २०२२ मध्ये एपस्टाइन-बार विषाणूचा मोठा पुरावा पुढे आला. म्हणजे कारणं अनेक, ड त्यातलं एक.

आजार होऊ नये म्हणून ड, आणि झालेला आजार आटोक्यात ठेवायला ड, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मी ते एक समजले आणि फसले.

डॉक्टरांनी मला साठ हजार युनिटची पुडी आठवड्यातून एक, आठ आठवडे, अशी दिली होती. पातळी सुधारली, मग छोटा डोस. २०१८ मध्ये पुन्हा अटॅक आला, डावा पाय ओढला जायला लागला. त्या घाबरलेल्या दिवसांत एक व्हिडिओ पाहिला, ब्राझीलमधल्या प्रचंड डोसच्या उपचाराचा. पुडी दुकानात सहज मिळते. मी रोज एक घ्यायला लागले, कोणाला न सांगता. वर कॅल्शियमची गोळी होतीच.

दोन-अडीच महिन्यांत अंगातलं त्राण गेलं. सारखी तहान, सारखी लघवी, पोट साफ होईना, डोकं जड. मला वाटलं एमएस वाढलं, म्हणून अजून नेमानं पुड्या घेतल्या! शेवटी रक्ताच्या तपासणीत कॅल्शियम वर गेलेलं, मूत्रपिंडावर ताण. चार दिवस सलाईनवर होते. न्यूरॉलॉजिस्ट रागावले नाहीत, त्यांनी फक्त विचारलं, "मला का नाही सांगितलंत?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते नाही म्हणतील ही भीती होती, दुसरं काय.

त्यानंतर मी या विषयावरच्या चाचण्या लक्ष ठेवून वाचते. २०२३ मधल्या अमेरिकेतल्या चाचणीत नेहमीच्या औषधाबरोबर काहींना रोज ६०० युनिट, काहींना ५,००० दिले. अटॅकमध्ये फरक पडला नाही. २०२५ मध्ये फ्रान्सची चाचणी आली: पहिलाच झटका आलेले, अजून औषध सुरू न झालेले ३१६ जण, दर दोन आठवड्यांना एक लाख युनिट किंवा नुसती पुडी. दोन वर्षांत आजाराची हालचाल ड घेणाऱ्यांत ६० टक्क्यांना दिसली, इतरांत ७४ टक्क्यांना. फरक मुख्यतः एमआरआयवरचा होता. आशा वाटावी असा आहे, पण औषध सोडून द्यावं असा नाही. आणि हिशेब करा, त्यांचा डोस दिवसाला सात हजारांच्या आसपास पडतो, माझा साठ हजार होता.

मग ऊन घ्यावं तर त्यातही गंमत आहे. १८९० मध्ये उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञानं पाहिलं की श्रमानंतर अशा रुग्णांची नजर काही वेळ मंदावते. अंग तापलं की आवरण गेलेल्या तंतूंतून संदेश नीट जात नाही. नवीन इजा होत नाही, गार झालं की उतरतं, पण बडोद्याच्या मे महिन्यात जे ऊन ड देईल तेच मला जिन्यात बसवतं. म्हणून मी दिवाळीपासून होळीपर्यंत अकरा वाजता गच्चीवर वीस मिनिटं बसते, बाह्या वर करून. उन्हाळ्यात गोळी, आणि वर्षातून दोनदा ड आणि कॅल्शियम दोन्हींची तपासणी. स्टेरॉइड आणि पडण्याची भीती, यांमुळे हाडांसाठी तरी मला ते लागतंच.

लेक एकोणीस वर्षांची आहे. मागच्या महिन्यात भांडी पुसता पुसता तिनं विचारलं, "आई, मला होईल का?" मी खरं ते सांगितलं. पाश्चात्त्य आकड्यांप्रमाणे आईला असेल तर शंभरात दोन-तीन मुलांना होतो, सत्त्याण्णवांना नाही. तिचं ड तपासलं, १४ निघालं. डॉक्टरांनी लिहून दिलेली पुडी दर रविवारी ती माझ्यासमोर घेते आणि रिकामा कागद माझ्या हातात देते. सिगारेट ओढायची नाही, हेही सांगितलंय, कारण त्यानं धोका वाढतो. त्यावर ती म्हणाली, "हे तू एमएस नसतं तरी सांगितलं असतंस."