वसुलीची नोकरी आणि ब्रिटनचा व्हिसा

‘ब्रिटनमध्ये कर्जवसुलीची नोकरी, व्हिसासकट’ असं कुणी सांगितलं तर आधी पगार विचारा. २२ जुलै २०२५ पासून तिथल्या स्किल्ड वर्कर व्हिसासाठी सर्वसाधारण किमान पगार वर्षाला ४१,७०० पौंड आहे. त्या कामाचा ठरलेला दर याहून जास्त असेल, तर तो द्यावा लागतो. पण नुसत्या पगारानं भागत नाही. नव्यानं जाणाऱ्यासाठी काम साधारणपणे पदवीच्या पातळीचं लागतं. थकबाकीदारांना फोन करून हप्ते वसूल करणं त्यात बसत नाही, मग मालकानं कितीही पगार कबूल करो. व्हिसासाठी कंपनी जे स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट देते, त्याचा खर्चही कंपनीनंच सोसायचा असतो. त्या नावाखाली कुणी पैसे मागितले तर कृपा करून दागिने गहाण ठेवू नका. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर अशी स्पॉन्सरशिप देण्याचा परवाना असलेल्या कंपन्यांची यादी आहे, तिथं त्या कंपनीचं नाव शोधा.