एचआयव्हीबद्दल विचारायचं कुणाला?



गेल्या काही बैठकांत आम्ही बचत गटांमधून एक पत्र्याचा डबा फिरवला होता. नाव न घालता चिठ्ठी टाका, एवढंच सांगितलं होतं. भवानीनगर आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून चिठ्ठ्या आल्या. कर्जाच्या आल्या, गुडघेदुखीच्या आल्या, आणि आम्हाला वाटलं होतं त्याहून जास्त आल्या एचआयव्हीच्या. म्हणजे प्रश्न घरोघरी आहे, तो तोंडातून काढायला जागा नाही. म्हणून आज आजाराचं सगळं पुराण लावणार नाही. विचारायचं कुणाला आणि ऐकायचं कुणाचं, तेवढंच बोलू.

एक चिठ्ठी अशी होती: "रस्त्याच्या कडेला भिंतीवर लिहिलंय, एड्स मुळापासून बरा, गॅरंटी. खरं असतं का?"

नाही, खरं नसतं. एचआयव्ही अंगातून कायमचा काढून टाकेल असं औषध आजही बाजारात नाही, आणि त्याची लसही निघालेली नाही. आपल्या पुणे जिल्ह्यातच, भोसरीला, १९९२ सालापासून एड्सवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. असा इलाज सापडला असता तर तो चुन्यानं भिंतीवर लिहून कळवायची वेळ आली नसती. औषधानं एड्स बरा होतो असा दावा करायला आपल्याकडे कायद्यानंच मनाई आहे.

पण "इलाज नाही" हेही अर्धंच सत्य. आजार आटोक्यात ठेवणाऱ्या गोळ्या आहेत. त्यांना एआरटी म्हणतात. आपल्या देशात २००४ सालापासून त्या सरकारी केंद्रात फुकट मिळायला लागल्या. आधी शरीर खचेपर्यंत वाट बघायचे, मगच औषध सुरू व्हायचं. २०१७ पासून तसं राहिलं नाही. तपासणीत लागण कळली की औषध सुरू करतात. रोज न चुकता गोळी घेणारी बाई रानात जाते, लेकरं वाढवते, सुनेचं बाळंतपण करते. रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर नवराबायकोच्या संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. भिंतीवरचा वैदू नेमकं उलटं सांगतो, "त्या सरकारी गोळ्या बंद कर, माझी पुडी घे." गोळ्या थांबल्या की दबलेला विषाणू परत डोकं काढतो. पैसे गेले ते वेगळेच.

दुसरी चिठ्ठी वाचताना आम्ही जरा गप्पच झालो. "दीर त्या आजारानं वारले. जावेचं ताट-तांब्या वेगळं ठेवलंय. मला पटत नाही, पण सासूबाईंना काय सांगू?"

बाई, सासूबाईंना हे सांगा. एचआयव्ही असुरक्षित शरीरसंबंधातून लागतो. लागण झालेल्याचं रक्त चढवलं किंवा त्याची सुई दुसऱ्याला टोचली तर लागतो. आणि आईकडून बाळाला, पोटात असताना, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून. संपला हिशोब. ताटातून, तांब्यातून, एका संडासातून, डास चावल्यानं, मिठी मारल्यानं लागत नाही. आणि जावेला लागण झालीच आहे असं कुणी धरून चालू नये. ते फक्त तपासणीच सांगेल. आणखी एक, एचआयव्ही असलेल्या माणसाला, किंवा त्याच्यासोबत राहणाऱ्याला, राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही. तसा कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. कुणी घराबाहेर काढत असेल तर बारामतीच्या किंवा इंदापूरच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे जायचं. बाईला तिथं वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.

तिसरी चिठ्ठी एका आईची. "मला आहे. बाळ चार महिन्यांचं. खाजगीत रक्त तपासलं, पॉझिटिव्ह आलं. घरचे दूध पाजू देत नाहीत, वरचं दूध देतात."

हा कागद नीट समजून घ्यायला हवा, कारण यात पुष्कळ घरं फसतात. नेहमीची तपासणी विषाणू शोधत नाही. विषाणूशी लढायला शरीर जे तयार करतं, ते शोधते. बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत आईचंच ते उतरलेलं असू शकतं. म्हणजे चार महिन्यांच्या बाळाचा असा रिपोर्ट आईबद्दल बोलतो, बाळाबद्दल नाही. बाळासाठी वेगळी तपासणी असते. दीड महिन्याचं झालं की टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन ती सरकारी केंद्रामार्फत फुकट करतात, आणि शेवटचा निकाल दीड वर्षानंतरच सांगतात. आई गोळ्या नियमित घेत असेल तर पहिले सहा महिने निव्वळ तिचंच दूध द्यावं, असंच सरकारी केंद्रात सांगतात. थोडं अंगावरचं, थोडं वरचं असं मिसळणं जास्त धोक्याचं. औषधच घेतलं नाही तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना आईकडून लागण होते. आईनं आणि बाळानं वेळेवर औषध घेतलं तर तो आकडा पाचाच्या खाली येतो. ताई, या कागदावर विसंबू नका, बाळाला घेऊन एआरटी केंद्रात जा. ज्यांना दिवस गेलेत त्यांनी पहिल्या तीन महिन्यांतच नाव नोंदवून ही तपासणी करून घ्यावी. नवऱ्यालाही सोबत न्या. तो एकटा बाहेर मोटारसायकलवर बसून राहतो, ते चालणार नाही.

आता विचारायचं कुठं? हातात मोबाइल असेल तर एक शून्य नऊ सात, १०९७. राष्ट्रीय एड्स हेल्पलाइन. पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्रीही चालते, मराठीत बोलता येतं आणि नाव सांगावं लागत नाही. गावातल्या आशाताईंना माहिती असते, त्या मदतही करतात. पण स्वतःचा संशय बोलायला शेजारचं माणूस नको वाटत असेल तर त्यात काही गैर नाही, आम्हालाही तसंच वाटलं असतं. त्यासाठीच हा नंबर.

समोरासमोर बोलायचं तर आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्र. ते तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात असतं. तिथं समुपदेशक असतात. रक्त घेण्याआधी बोलतात, निकाल देताना बोलतात. तुमच्या संमतीशिवाय चाचणी करायची नाही आणि निकाल दुसऱ्याला सांगायचा नाही, हे त्याच कायद्यात आहे. पहिल्या चाचणीत काही दिसलं तर एवढ्यावर कुणालाही पॉझिटिव्ह म्हणत नाहीत. तीन वेगवेगळ्या किटनी तपासून मगच सांगतात. आणि निगेटिव्ह आला, पण धोका अलीकडचा असेल, तर तीन महिन्यांनी परत तपासायचं. बळजबरी झाली किंवा वापरलेली सुई टोचली तर मात्र थांबायचं नाही. बहात्तर तासांच्या आत, जमेल तितक्या लवकर सरकारी रुग्णालय गाठायचं. लागण टाळायचं औषध त्या वेळेतच उपयोगी पडतं.

मोबाइलवर येणाऱ्या निरोपांचंही सांगायला हवं. "अमुक थंड पेयात कामगारानं एड्सचं रक्त मिसळलं, दहा जणांना पाठवा." हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. खाण्यापिण्यातून हा विषाणू लागतच नाही. निरोपाखाली तारीख नाही, पत्ता नाही, विचारायला माणूस नाही, वर "दहा जणांना पाठवा" म्हटलंय, तर पुढं ढकलू नका. शंका असेल तर तोच निरोप १०९७ ला वाचून दाखवा.

थोडं ऊसतोडीच्या बायांसाठी, कारण दिवाळीच्या आसपास कारखान्याच्या तळावर कोपी पडतात आणि आमचा रेडिओ तिथंही लागतो. तुम्हा कुणाच्या गोळ्या चालू असतील तर गाव सोडण्याआधी आपल्या एआरटी केंद्राला सांगा, "चार-पाच महिने बाहेर आहोत." उपचाराचं पुस्तक बरोबर घ्या. ते दाखवलं की इथल्या केंद्रातून पुढच्या गोळ्यांची सोय होते. मुकादमाला कारण सांगायची गरज नाही, दवाखान्यात जायचंय एवढं पुरे.

डबा या महिन्यातही फिरणार आहे. आणि ज्यांनी अजून लिहून घेतला नाही त्यांनी चुलीशेजारच्या भिंतीवर कोळशानं लिहिला तरी चालेल: एक, शून्य, नऊ, सात.