पाहुणा नसतानाही मीटर का फिरतो?

आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्यावरच्या एका गावातल्या तीन बचत गटांच्या बाया. गावातलं आठ खोल्यांचं एक निवासस्थान आम्ही मिळून चालवायला घेतलं आहे. पाटीवर 'रिसॉर्ट' लिहिलंय, म्हणून आम्हीही रिसॉर्टच म्हणतो. स्वयंपाक, साफसफाई, हिशेब, सगळं आमच्याकडे. आज बोलायचंय ते विजेच्या बिलाबद्दल. तुमच्यातल्याही कितीतरी जणी खानावळ, घरगुती मुक्काम, कृषी पर्यटन चालवतात, तेव्हा हा विषय तुमचाही आहे.

आमच्याकडे पाहुणे येतात दिवाळीपासून मे अखेरपर्यंत. पावसाळ्यात खोल्या रिकाम्या असतात, पण बिल पावसाळ्यातही येतं. हंगाम संपल्यावर जे उरतं ते आम्ही वाटून घेतो. जूनमध्ये शाळेची फी आणि वह्या-पुस्तकं त्यातूनच होतात. बिल वाढलं की हा वाटा घटतो.

म्हणून बैठक घेतली. काही जणींचं म्हणणं, कर्ज काढून छपरावर सोलर पॅनेल बसवू. काही म्हणाल्या, आधी वीज जाते कुठे ते बघू. दुसरं ठरलं. एक वही घेतली आणि प्रत्येक वस्तूपुढे दोन आकडे लिहिले: ती किती वॅटची आणि दिवसाला किती तास चालते. दोन्हींचा गुणाकार करून हजारानं भागलं की युनिट निघतात. चौथी-पाचवीतलं गणित आहे, त्याला इंजिनिअर लागत नाही. दरासाठी बिलाची एकूण रक्कम युनिटनी भागा. त्यात स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क सगळं येतं. आज बोलताना सोपं जावं म्हणून युनिटला १० रुपये धरू.

वहीतलं पहिलं नाव निघालं अंगणातल्या दोन हॅलोजनचं. जागा घेतली तेव्हाच ते तिथे होते. एकेक ५०० वॅटचा, संध्याकाळपासून सहा तास चालू. म्हणजे रोजचे ६ युनिट, पाहुणा असो वा नसो. त्याजागी ५० वॅटचे दोन एलईडी लावले. आता रोज पाऊण युनिटही लागत नाही. महिन्याला १६२ युनिट वाचले, म्हणजे १,६२० रुपये. नव्या दिव्यांचे पैसे दोन महिन्यांत वसूल झाले. आणि बघा, एक किलोवॅटचं सोलर पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला साधारण ४ युनिट वीज देतं. आधी पॅनेल घेतलं असतं, तर दीड किलोवॅट नुसतं या दोन हॅलोजनना पोसायला गेलं असतं! सोलर वाईट नाही. पण गरज आधी कमी केली की पॅनेल लहान लागतं आणि कर्जही लहान.

आता पंखे. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, नवा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. दुकानदार म्हणाला, सगळे एकदम बदला. आम्ही वही उघडली. स्वयंपाकघरातले दोन पंखे रोज १४ तास चालतात. ते बदलले तर महिन्याला ३८ युनिट वाचतात. पंखा तीन हजारांचा धरला तर दोघांचे पैसे सव्वा-दीड वर्षात निघतात. खोलीतला पंखा मात्र वर्षात १२० रात्री चालतो. त्याचे पैसे निघायला साडेचार वर्षं लागतील. म्हणून आधी स्वयंपाकघरातले बदलले. खोल्यांतले जसे बिघडतील तसे बदलू. पाहुण्याला दिसतो तो पंखा मागे राहिला, आणि चुलीशी घाम गाळणाऱ्या बाईचा पहिला आला. हिशेबानंही तेच सांगितलं.

तिसरी गोष्ट गरम पाण्याची. २० लिटरची एक बादली अंघोळीपुरती गरम करायला साधारण एक तृतीयांश युनिट लागतं. चौघांच्या कुटुंबाला जवळपास दीड युनिट. तेवढ्यात ९ वॅटचा एलईडी दीडशे तास जळतो! म्हणजे 'दिवा बंद कर' म्हणून पोरांवर ओरडण्याआधी गीझरकडे बघावं. गीझर दिवसभर चालू ठेवला तर पाणी निवतं, तो पुन्हा तापवतो, आणि अंघोळ कुणीच करत नाही. आता पाहुण्यांना अंघोळीची वेळ आदल्या रात्री विचारतो आणि त्याआधी अर्धा तास गीझर लावतो. चार खोल्यांना मागच्या अंगणातल्या बंबातलं पाणी देतो. नारळाची सोडणं घरचीच. शहरातल्या पाहुण्यांना त्या पाण्याचं कौतुकच वाटतं. पुढच्या हंगामासाठी सोलर वॉटर हीटरची चौकशी चालू आहे. आमचा हंगाम उन्हाचाच, त्यामुळे तो इथे सोयीचा. मात्र बोअरच्या पाण्यात क्षार असेल तर नळ्या चोंदतात. पाणी तपासूनच घ्या.

एसीच्या तीन गोष्टी. एक, १ जानेवारी २०२० पासून नव्या एसीचं तापमान सुरुवातीलाच २४ अंशांवर ठेवायचा नियम आहे. केंद्र सरकारची 'बीईई' ही संस्था सांगते, तापमान एक अंश वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते. दोन, जाळी पंधरा दिवसांनी धुवा. किनाऱ्यावर वाळू आणि खारं वारं असतं, जाळी लवकर भरते. तीन, पाहुणे समुद्रावर जातात आणि एसी रिकाम्या खोलीला गार करत बसतो. यावर आम्ही दाराजवळ चावीचा खटका बसवून घेतला. चावी काढली की एसी, पंखा, दिवा सगळं बंद. पाहुण्याला काही सांगावं लागत नाही. खोलीत असेल तोवर त्याला हवा तसा गारवा मिळायलाच हवा. तो पैसे देतो.

फ्रिजच्या दारात कागद धरून दार लावा. कागद सहज ओढला गेला तर रबर सैल झालंय, ते बदला. फ्रिज भिंतीला चिकटवू नका. बर्फाचा थर जमू देऊ नका. पाण्याच्या टाकीला तरंगता खटका लावा. टाकी वाहते तेव्हा पंपाची वीजही वाहून जाते. नवीन फ्रिज किंवा एसी घेताना नुसते तारे मोजू नका. लेबलवर वर्षाला किती युनिट लागतात ते लिहिलेलं असतं, तो आकडा ताडून पाहा.

घरच्याच मीटरवर खोल्या देत असाल तर एक ध्यानात ठेवा. घरगुती दर टप्प्याटप्प्यानं चढतो. वाचलेलं युनिट वरच्या, महागड्या टप्प्यातलं असतं, म्हणून थोडी बचतही मोठी पडते. पण तुमची जोडणी कोणत्या वर्गात बसते ते महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्या.

आणि जीव आधी. वायरिंग, अर्थिंग, गीझरचं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. खाऱ्या हवेत तारांचे जोड गंजतात. गळती झाली तर वीज तोडणारा सुरक्षा खटका प्रत्येकीच्या बोर्डात हवाच.

आता तुमच्यासाठी एक काम. पाहुणे नसतील अशा रात्री झोपताना मीटरचा आकडा वहीत लिहा. सकाळी उठून पुन्हा लिहा. वजाबाकी करा. सगळे झोपलेले असताना इतके युनिट कुणी खाल्ले, ते घरभर फिरून शोधा. गटाच्या पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या. कर्ज कशासाठी काढायचं आणि कशासाठी नाही, ते वही पाहून ठरवा.