जुन्या डिझेल गाडीत वनस्पती तेल : किती आणि कसे?

(शेतकरी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



डिझेलचा भाव वाढला की मेळाव्यात एक प्रश्न हमखास येतो. "सर, जुना ट्रक खाद्यतेलावर चालतो म्हणतात, खरे का?" खरे आहे, चालतो. सन १९०० मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविले होते. तथापि, गाडी किती दिवस चालते आणि पुढे दुरुस्तीला किती पैसे पडतात, हा हिशेब आधी करावयास हवा.

मी कृषिविद्येचा शिक्षक, फिटर नव्हे. या विषयाकडे मी वळलो तो घरच्या नुकसानीमुळे. माझ्या चुलत भावाचा जुना ट्रक आहे. लग्नाच्या मांडवातील तळणीचे उरलेले पामतेल त्याला फुकट मिळाले. ते फडक्याने गाळून त्याने डिझेलमध्ये निम्मे-निम्मे मिसळले. दिवाळीपर्यंत गाडी छान पळाली. मीच त्याची पाठ थोपटली होती. डिसेंबरमध्ये टोमॅटोचे क्रेट भरून तो नाशिकहून मुंबईला निघाला आणि पहाटेच्या थंडीत इगतपुरीजवळ गाडी बंद पडली. फिल्टरमध्ये तेल तुपासारखे गोठले होते. माल दुपारनंतर बाजारात पोहोचला, तोवर भाव उतरला होता. इंजिन उघडले तेव्हा पिस्टनच्या रिंगा काजळीने चिकटलेल्या आणि चेंबरमधील ऑइल काकवीसारखे घट्ट झालेले आढळले.

असे का होते?

डिझेलच्या तुलनेत वनस्पती तेल ४० अंश सेल्सिअस तापमानास साधारण दहापट घट्ट असते. त्यामुळे नोझलमधून त्याचा बारीक फवारा न होता जाड थेंब पडतात. जाड थेंब पूर्ण जळत नाहीत. त्याची काजळी नोझलच्या तोंडाशी व रिंगांवर साचते. न जळलेले तेल रिंगांवरून खाली उतरून चेंबरमधील ऑइलमध्ये मिसळते आणि कालांतराने ते ऑइल घट्ट होते. पहिले काही महिने यातील काहीच बाहेरून दिसत नाही. खरा धोका येथेच आहे.

बायोडिझेल म्हणजे काय?

तेलात मेथॅनॉल व अल्कली मिसळून रासायनिक क्रिया केली की ग्लिसरीन तळाशी बसते व वर पातळ इंधन राहते. हेच बायोडिझेल होय. १०० लिटर तेलास सुमारे २० लिटर मेथॅनॉल लागते व साधारण १०० लिटर बायोडिझेल मिळते. त्याचा घट्टपणा डिझेलच्या जवळपास असतो. मात्र हा उद्योग घरी करू नये. मेथॅनॉल विषारी व अत्यंत ज्वालाग्राही आहे. शिवाय करंज तेलात आम्लाचे प्रमाण बहुधा जास्त असते. त्यावर आधी आम्लाची प्रक्रिया केली नाही, तर बायोडिझेलऐवजी साबण तयार होतो.

जुन्या गाडीसाठी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१) प्रमाणित बायोडिझेल डिझेलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळून जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात वापरता येते. नव्या कॉमन रेल गाडीत उत्पादकाच्या पुस्तिकेबाहेर जाऊ नये.

२) बायोडिझेल टाकीतील जुना गाळ सोडविते. म्हणून सुरुवातीस फिल्टर लवकर तुंबतो. एक जादा फिल्टर गाडीत ठेवावा.

३) जुन्या रबरी नळ्या बायोडिझेलमुळे फुगतात व पाझरतात. त्या तपासून बदलून घ्याव्यात.

४) साठवण कोरड्या, बंद भांड्यात व सहा महिन्यांच्या आतच करावी. पाणी शिरल्यास इंधन खराब होते.

५) कच्चे तेल वापरावयाचेच असेल तर दोन टाक्या लागतात. इंजिन डिझेलवर सुरू करावे. ते तापल्यावर, रेडिएटरच्या गरम पाण्याने ७० ते ८० अंशांपर्यंत तापविलेले तेल द्यावे आणि बंद करण्यापूर्वी काही मिनिटे पुन्हा डिझेलवर चालवावे. चेंबरचे ऑइल नेहमीच्या निम्म्या मुदतीत बदलावे. एवढी शिस्त रोजच्या वाहतुकीत पाळली जात नाही, म्हणून मी ट्रकसाठी याची शिफारस करीत नाही.

६) रस्त्याच्या कडेला बायोडिझेल म्हणून स्वस्तात मिळणारे द्रव घेऊ नये. नोंदणीकृत विक्रेत्याकडून पावतीसह घ्यावे.

आता हिशेब पाहू. आपला देश खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल आयात करतो. अशा वेळी शेंगदाणा किंवा सोयाबीनचे तेल इंजिनात जाळणे परवडत नाही. करंजाचे तेल खाण्याचे नाही, म्हणून त्याचा विचार होतो. लहान एक्स्पेलरवर १०० किलो करंज बियांपासून सुमारे २५ किलो, म्हणजे २७ लिटर तेल मिळते. एका लिटरला जवळजवळ पावणेचार किलो बी लागते. आपल्या भागातील बियांचा भाव, वेचणी व गाळपाची मजुरी मांडा, त्यातून पेंडीची किंमत वजा करा आणि मग डिझेलच्या भावाशी ताडून पाहा. बी विकत घ्यावे लागत असेल तर हा व्यवहार बहुधा तोट्यात जातो. बांधावरचे, स्वतः वेचलेले बी असेल आणि पेंड आपल्याच शेतात खत म्हणून जात असेल, तरच तो विचार करण्याजोगा ठरतो.

येथे मोगली एरंडाची आठवण ठेवावी. २००३ नंतर पडीक जमिनीवर, पाण्याखताशिवाय भरघोस बी मिळेल अशा आशेने देशात त्याची लागवड झाली. अनेक ठिकाणी उत्पादन फारच थोडे आले. पडीक जमिनीवर झाड जगते, परंतु जगणे आणि फळणे यांत फरक आहे. म्हणून इंधनासाठी चांगले शेत मोडू नका. करंज बांधावर, ओढ्याकाठी लावा. सावली, पेंड व बी असे तिन्ही लाभ मिळतील.

तळणीच्या तेलाचे काय? अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये वापरलेले खाद्यतेल गोळा करून त्याचे बायोडिझेल करण्याची योजना सुरू केली. गावातील आचारी व हॉटेलवाल्यांनी असे तेल अधिकृत संकलकास द्यावे. ते पुन्हा कढईत जाऊ नये आणि थेट टाकीतही ओतू नये.

माझ्या भावाला मांडवातील तेल फुकट मिळाले होते. इंजिनाची बांधणी व टोमॅटोची घट धरता तेच तेल त्याला डिझेलहून कितीतरी महाग पडले. आपला ट्रक, ट्रॅक्टर किंवा ऑइल इंजिन ही वर्षानुवर्षांची कमाई आहे. पहिला लिटर ओतण्यापूर्वी जवळच्या कृषि अभियांत्रिकी विभागात येऊन चौकशी करा. सोबत तेलाची बाटली आणा.